दुसरी प्रत

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

डेटाबेसच्या सर्व्हरचा बॅकअप हा आजच्या भाषणाचा विषय आहे असें निवेदकांनीं सांगतांच कांहीं घरांतून रेडिओची कळ फिरविण्यासाठीं हात पुढें झाला असेल. त्या हाताला माझी विनंति आहे कीं, त्यानें थोडा वेळ धीर धरावा. विषयाचें नांव परकें असलें तरी विषय परका नाहीं. आपल्या बँकेंतील शिल्लक, मुलांचे परीक्षेंतील गुण, दवाखान्यांतील टिपणें, विजेच्या बिलाचा हिशेब, हें सर्व आज कोणत्या ना कोणत्या यंत्राच्या पोटांत विशिष्ट रीतीनें मांडून ठेवलेलें असतें. त्या मांडणीला डेटाबेस म्हणतात. आणि मागेल त्याला त्यांतील हवी ती नोंद काढून देणारें जें यंत्र, तो सर्व्हर. पूर्वीं घरची चीजवस्तु घरच्या पेटींत असे व पेटीची किल्ली घरधनिणीच्या कमरेला असे. आतां पेटीहि दुसऱ्याच्या घरीं आणि किल्लीहि दुसऱ्याच्या हातीं. तेव्हां ती पेटी फुटली तर पुढें काय, हें विचारण्याचा अधिकार प्रत्येक गृहस्थाला व गृहिणीला आहे.

मी कोणी मोठा यंत्रविशारद नव्हें. आमच्या पेठेंतील एका जुन्या वाचनालयाचा संगणक सांभाळण्याचें काम मी कांहीं वर्षें हौसेनें करीत आलों आहें. आज जें सांगणार आहें तें बव्हंशीं त्या कामांत माझ्या हातून झालेल्या एका चुकीचें निवेदन आहे. तिच्यापासून मी जें शिकलों तें चार लोकांच्या उपयोगीं पडावें एवढाच हेतु.

वाचनालयाचे एक वृद्ध सभासद आहेत. आम्ही सारे त्यांना गुरुजी म्हणतों, कारण आमच्यापैकीं निम्म्यांना त्यांनींच शाळेंत शिकविलें. निवृत्त झाल्यावर त्यांनीं एक व्यासंग धरला. सुतार, लोहार, तांबट, साळी, कुंभार यांच्या दारांत जाऊन बसावें, त्यांचें काम पाहावें, आणि त्यांच्या तोंडून निघणारे धंद्यांतले शब्द खिशांतल्या चिठ्ठीवर टिपून घ्यावे. त्यांतले पुष्कळसे कोणत्याहि कोशांत सांपडत नाहींत. संध्याकाळीं वाचनालयांत येऊन ते शब्द, त्यांचे अर्थ आणि सांगणाऱ्याचें नांव हें सर्व ते संगणकावर उतरवीत. त्यासाठीं २००७ सालीं महाविद्यालयांतील एका विद्यार्थ्यानें त्यांना डेटाबेसमध्यें एक तक्ता करून दिला होता. तो तक्ता वर्षानुवर्षें वाढत गेला.

२०२१ सालीं वाचनालयानें नवें यंत्र घेतलें. मीं जुना संग्रह नव्या यंत्रावर नेला आणि त्याची प्रत रोज रात्रीं आपोआप व्हावी अशी व्यवस्था केली. ती व्यवस्था मला इतकी पक्की वाटली कीं, एके दिवशीं मी गुरुजींना म्हणालों, "गुरुजी, आतां ह्या चिठ्ठ्या कशाला जपतां? यंत्रांत रोज रात्रीं दुसरी प्रत होते." गुरुजींनीं माझ्यावर विश्वास ठेवला, आणि त्या दिवसापासून नोंद झाली कीं चिठ्ठी टाकून देण्याचा प्रघात त्यांनीं सुरू केला. हें वाक्य मला पुढें फार आठवलें.

आतां ही प्रत कशी करतात तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. आपल्यापैकीं ज्यांच्या घरीं दुकानाचा धंदा असेल त्यांना किर्द आणि खतावणी हे शब्द ठाऊक असतील. दिवसभरांत जो व्यवहार होईल तो घडेल त्या क्रमानें किर्दींत लिहावयाचा आणि मागाहून ज्याच्या त्याच्या खात्यावर खतवावयाचा, ही आपली जुनी रीत. डेटाबेसहि हुबेहूब असेंच करतो. एखादा बदल करावयाचा झाला कीं तो आधीं किर्दींत नोंदतो आणि सवडीनें खतावणींत नेतो. याचा लाभ असा कीं, मध्येंच वीज गेली आणि खतावणींतलें पान अर्धवट राहिलें, तरी यंत्र पुन्हां सुरू होतांच किर्द वाचून तें पान पुरें करतां येतें.

एवढें लक्षांत घेतलें म्हणजे डेटाबेसच्या फायली नुसत्या उचलून दुसरीकडे ठेवल्या तर काम भागत नाहीं, हेंहि ध्यानांत येईल. कारकून खतावणींत लिहीत बसला आहे आणि त्याच वेळीं दुसरा मनुष्य तिची नक्कल उतरवीत आहे अशी कल्पना करा. नकलेचें पहिलें पान सकाळचें, शेवटलें संध्याकाळचें. दुपारीं एका खात्यांतून काढलेली रक्कम दुसऱ्या खात्यांत जमा झालेली दिसेल, पण पहिल्या खात्यांत ती अद्याप तशीच असेल. अशा नकलेचा मेळ कधींच बसावयाचा नाहीं.

यावर दोन तोडगे आहेत. एक असा कीं, डेटाबेसलाच सांगावयाचें, अमुक क्षणाची स्थिति धरून सर्व नोंदी वाचून दाखव. आणि तो वाचील तें साध्या मजकुराच्या रूपानें उतरून घ्यावयाचें. ही रीत सोपी व विश्वासाची, परंतु संग्रह मोठा असेल तर परत भरतांना फार वेळ खाते. दुसरा तोडगा असा कीं, फायली उतरीत असतांना मधल्या काळांत जीं पानें बदललीं त्यांची यादी ठेवावयाची, तीं पुन्हां उतरावयाचीं, आणि शेवटीं किर्दींतल्या नोंदी घेऊन मेळ घालावयाचा. मायएसक्यूएल नांवाचा जो डेटाबेस जगांत फार प्रचारांत आहे, त्याच्या ८.०.१७ या आवृत्तींत, २०१९ सालीं, ह्या दुसऱ्या रीतीनें काम करणारा क्लोन नांवाचा प्लगइन आला. प्लगइन म्हणजे मूळ यंत्रणेला जोडावयाचा उपांग भाग. शिवणयंत्राला कशिद्याची पट्टी बसवावी तसा. मीं हाच प्लगइन बसविला होता.

तो बसविणें कठीण नाहीं. तो सर्व्हरबरोबरच येतो. फक्त सर्व्हरच्या मांडणीच्या फायलींत त्याचें नांव लिहून ठेवावें, म्हणजे यंत्र दरवेळीं सुरू होतांना त्याला बरोबर घेतें. मग प्रत करण्यापुरताच अधिकार असलेला एक निराळा वापरकर्ता निर्माण करावा. सर्वाधिकाऱ्याच्या नांवानें हें काम करूं नये, कारण घराच्या सगळ्या किल्ल्या रात्रपाळीच्या गड्याच्या हातीं देण्याचें कारण नाहीं. प्रत ज्या कप्प्यांत ठेवावयाची तो कप्पा आधीं अस्तित्वांत असतां कामा नये, अशी ह्या प्लगइनची अट आहे. म्हणून मीं रोज त्या दिवसाच्या तारखेचा नवा कप्पा होईल अशी योजना केली, आणि तो कप्पा पहांटे दुसऱ्या डिस्कवर जाईल असें केलें. रोज सकाळीं यंत्र सांगे, काम पुरें झालें. मीहि तें वाचून समाधानानें चहा घेई.

२०२३ च्या पावसाळ्यांत वाचनालयाच्या यंत्राची मूळ डिस्क एका रात्रींत निकामी झाली. मी मुळींच घाबरलों नाहीं. आदल्या रात्रीची प्रत काढली, नव्या डिस्कवर ठेवली, सर्व्हर सुरू केला. सभासदांचीं नांवें आलीं, वर्गण्या आल्या, पुस्तकांची यादी आली. गुरुजींचा शब्दांचा तक्ता उघडला. तक्ता होता, शब्द, अर्थ, सांगणाऱ्याचें नांव हे रकानेहि जागच्या जागीं होते. परंतु त्यांत एकहि ओळ नव्हती. त्याच्या आदल्या रात्रीची प्रत पाहिली, त्याच्या आदल्या आठवड्याची पाहिली, वर्षापूर्वींची पाहिली. सगळ्यांत तोच रिकामा तक्ता.

कारण शोधून काढण्यास मला दोन दिवस लागले. तें अगदीं साधें होतें. मायएसक्यूएलमध्यें तक्ते ठेवण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा आहेत. पूर्वीं मायआयसॅम नांवाची तऱ्हा आपोआप वापरली जाई. २०१० सालच्या ५.५ या आवृत्तीपासून तिची जागा इनोडीबी या तऱ्हेनें घेतली. क्लोन हा प्लगइन फक्त इनोडीबीच्या तक्त्यांतील मजकूर उतरतो. मायआयसॅमचा तक्ता भेटला तर तो त्याचा आकार तेवढा उतरतो आणि आंत कांहींच ठेवीत नाहीं. हें त्याच्या माहितीपुस्तकांत स्पष्ट लिहिलें आहे. गुरुजींचा तक्ता २००७ सालचा, म्हणजे जुन्या तऱ्हेचा. मीं तो नव्या यंत्रावर नेला तेव्हां त्याची तऱ्हाहि त्याच्याबरोबर तशीच आली. प्लगइनने आपलें काम चोख केलें होतें आणि काम पुरें झालें असें तो रोज सांगत होता तेंहि खरें होतें. तें काम माझें होतें कीं नाहीं, एवढें मात्र मीं पाहिलें नव्हतें.

त्या संध्याकाळीं गुरुजींना हें सांगण्यासाठीं मी त्यांच्या घरीं गेलों. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें. थोड्या वेळानें म्हणाले, "अरे, पेपर लिहून झाला कीं देण्यापूर्वीं एकदां वाचून पाहावा, एवढेंच तर मी तुम्हां पोरांना वर्षानुवर्षें सांगत होतों." याहून एक शब्दहि ते अधिक बोलले नाहींत.

पुढें वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंच्या कपाटांत एक पेनड्राइव्ह सांपडला. यंत्र बदलतांना जुन्या संग्रहाचा जो मजकूर उतरून घेतला होता तो त्यावर होता; बाईंनीं कोणी न सांगतां तो जपून ठेवला होता. त्यामुळें २०२१ पर्यंतचे शब्द परत मिळाले. नंतरच्या दोन वर्षांचे शब्द गेले, कारण त्यांच्या चिठ्ठ्या माझ्या सांगण्यावरून केरांत गेल्या होत्या. गुरुजी काठी टेकीत पुन्हां त्या कारागिरांच्या दारीं गेले आणि त्यांतले बरेच शब्द पुन्हां मिळवून आले. परंतु त्या अवधींत एक तांबट वारले होते. त्यांच्या भट्टीजवळ बसून घेतलेले शब्द कोणत्याहि प्रतींतून आतां परत यावयाचे नाहींत.

अशी चूक माझ्यासारख्या हौशी माणसाकडूनच होते असें आपण समजूं नये. गिटलॅब नांवाची एक मोठी कंपनी आहे. संगणकाचे कार्यक्रम लिहिणारे हजारों लोक आपलें काम तिच्या यंत्रांवर ठेवतात. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्रीं तिच्या डेटाबेसचें काम करतांना एका अभियंत्याला दुय्यम सर्व्हरवरील फायली पुसून टाकावयाच्या होत्या. त्यानें ती आज्ञा चुकून मुख्य सर्व्हरवर दिली. चूक ध्यानांत येऊन त्यानें एक दोन सेकंदांतच ती थांबविली, परंतु तेवढ्यांत सुमारें ३०० गीगाबाइट माहिती गेली. मग प्रती पाहिल्या. रोजचा मजकूर उतरण्याची जी व्यवस्था होती ती कित्येक दिवस बंदच होती, कारण डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ या आवृत्तीचा आणि उतरणारें साधन ९.२ या आवृत्तीचें. काम फसल्याचीं पत्रें तें साधन पाठवीत होतें. परंतु त्या पत्रांवर आवश्यक ती खूण नसल्यामुळें तीं नाकारलीं जात होतीं, आणि कोणालाच मिळत नव्हतीं. शेवटीं कामास आली ती सुमारें सहा तासांपूर्वीं त्याच अभियंत्यानें दुसऱ्याच कामासाठीं हातानें घेतलेली एक प्रत. कंपनीनें ही सारी हकीकत न लपवितां प्रसिद्ध केली, आणि दुरुस्तीचें काम चालू असतां तें लोकांना प्रत्यक्ष पाहूंहि दिलें. ह्या प्रांजळपणाचा लाभ पुढें अनेकांना झाला.

आपल्याकडे पोथ्या उतरणारे लेखक होते. पोथी पुरी झाली म्हणजे तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून हिला जपा, अशी विनवणी ते शेवटीं लिहीत. तेल पाण्याची काळजी आपणहि घेतों. परंतु ते आणखी एक गोष्ट करीत, ती आपण विसरतों. उतरलेली पोथी मूळ पोथीशीं ताडून पाहिली जाई, आणि चुकलेल्या अक्षरावर हरताळ लावून तें दुरुस्त केलें जाई. हरताळ फासणें हा वाक्प्रचार तेथूनच आला. ताडून न पाहिलेली पोथी कोणी प्रमाण मानीत नसे.

आतां मीं वाचनालयांत कोणती व्यवस्था केली आहे तें सांगतों. पहिली गोष्ट, कोणता तक्ता कोणत्या तऱ्हेचा आहे याची यादी काढली आणि जुन्या तऱ्हेचे सर्व तक्ते इनोडीबीमध्यें बदलून घेतले. हें प्लगइन बसविण्याच्या आधीं करावयाचें काम आहे. दुसरी, क्लोनच्या रोजच्या प्रतीखेरीज आठवड्यांतून एकदां साधा मजकूरहि उतरून घेतों. एक रीत चुकली तर दुसरी त्याच जागीं चुकण्याचा संभव कमी.

तिसरी गोष्ट किर्दीची. मायएसक्यूएल एक निराळी किर्द ठेवतो. तिला बायनरी लॉग म्हणतात. झालेला प्रत्येक बदल तींत क्रमानें असतो. समजा, रात्रीं दोन वाजतां प्रत झाली आणि दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं पांच वाजतां कोणी चुकून तक्ता पुसला. तर रात्रींची प्रत ठेवून तिच्यावर ही किर्द पांच वाजण्याच्या क्षणभर आधींपर्यंत चालवावी, म्हणजे दिवसभराचें काम परत मिळतें. परंतु क्लोन ही किर्द उतरीत नाहीं, मांडणीची फाइलहि उतरीत नाहीं. म्हणून त्या दोन्ही निराळ्या उतरून ठेवाव्या लागतात. सर्व्हरवर ती किर्द, मुद्दाम कांहीं सांगितलें नसल्यास, ३० दिवसच राहते, हेंहि ध्यानांत असावें.

चौथी गोष्ट जागेची. छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनीं रूढ केलेला एक सोपा नियम आहे: तीन प्रती असाव्या, त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि एक प्रत दुसऱ्या वास्तूंत असावी. एकाच कपाटांतल्या तीन प्रती आगीच्या हिशेबीं एकच. आमची एक प्रत आतां दर आठवड्याला एका सभासदाच्या घरीं जाते, आणि तेथें ती यंत्राला जोडलेली नसते. खंडणीसाठीं यंत्रांतली माहिती कुलुपांत घालणारे चोर आज पुष्कळ आहेत. जोडून ठेवलेल्या प्रतीलाहि ते कुलूप घालूं शकतात, कपाटांतल्या प्रतीला नाहीं. ही प्रत गुप्तलिपींत असते. तिची किल्ली मात्र तिच्याबरोबर ठेवीत नाहीं.

येथें एका गैरसमजाविषयीं सांगतों. पुष्कळ ठिकाणीं दोन सर्व्हर जोडीनें चालतात. एकांत झालेला बदल लगेच दुसऱ्यांत होतो. यंत्र बिघडलें तर ह्याचा उपयोग आहे. परंतु तो बॅकअप नव्हे. तो आरसा आहे. आपण तोंडाला काजळ फासलें तर आरशांतल्या तोंडालाहि तें लागतें. आणखी एक सावधगिरी: क्लोन प्लगइनने एका सर्व्हरवरील संग्रह दुसऱ्या सर्व्हरवर नेतां येतो, परंतु निराळा कप्पा सांगितला नाहीं तर घेणाऱ्या सर्व्हरवर पूर्वीं जें असेल तें सर्व तो आधीं पुसतो. तेव्हां देणारा कोण आणि घेणारा कोण हें दोनदां वाचल्याशिवाय ती आज्ञा देऊं नये.

शेवटची गोष्ट ताडून पाहण्याची, आणि बाकीच्या सगळ्या गोष्टी हिच्यावांचून व्यर्थ आहेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं मी एक जुनें यंत्र घेतों, त्यावर आदल्या रात्रींची प्रत चढवितों आणि सर्व्हर सुरू करतों. प्रत्येक तक्त्यांत किती ओळी आहेत त्या मोजतों आणि मूळ यंत्रावरील संख्येशीं मेळ घालतों. मग गुरुजी येतात. ते आपल्या मनानें एखादा शब्द सांगतात आणि तो त्या प्रतींत काढून दाखवावयास सांगतात. शब्द सांपडला, त्याचा अर्थ बरोबर निघाला, म्हणजे त्या महिन्यापुरतें आमचें काम झालें. या सगळ्याला एक सकाळ पुरते.

श्रोतेहो, आपल्यापैकीं प्रत्येकाच्या घरीं सर्व्हर नसेल. परंतु एखादी गृहनिर्माण संस्था, एखादी शाळा, एखादा दवाखाना, एखादें मंडळ यांच्याशीं आपला संबंध निश्चित असेल. तेथें कधीं जाल तेव्हां, आमचा बॅकअप होतो काय, असें विचारूं नका. उत्तर होय असेंच येईल. मलाहि कोणी विचारलें असतें तर मीं होय असेंच सांगितलें असतें. त्याऐवजीं दोन गोष्टी विचारा. प्रत शेवटीं परत चढवून केव्हां पाहिली? आणि आज यंत्र बंद पडलें तर किती दिवसांचें काम जाईल? ह्या प्रश्नांचीं उत्तरें ज्याला तारखेनिशीं देतां येतील त्याच्या हातीं आपला दप्तराचा भार सोंपविण्यास हरकत नाहीं.

गुरुजी आतां पुन्हां चिठ्ठ्या जपूं लागले आहेत. त्यांच्या खाटेखालच्या पत्र्याच्या पेटींत त्या वर्षवार बांधून ठेवलेल्या असतात. मीं त्यांना त्या टाकण्यास पुन्हां सांगितलेलें नाहीं. उलट, मागच्या महिन्यांत त्या पेटीसाठीं मी बाजारांतून एक चांगलें कुलूप आणून दिलें. त्याची एक किल्ली त्यांच्यापाशीं आहे आणि दुसरी माझ्यापाशीं.